दसरा ते होळी: घरच्या कुंडीतली स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी ही गुलाबाच्या कुळातली, जमिनीलगत वाढणारी वनस्पती. थंड देशांत एकदा लावलेले रोप तीन-चार वर्षे फळे देत राहते. तिथल्या हिवाळ्यात त्याची वाढ थांबते, वसंतात नवी पाने फुटतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळे येतात. उष्ण प्रदेशात हे चक्र जुळत नाही. महाराष्ट्रातल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत लावलेली स्ट्रॉबेरी ही वर्षानुवर्षे टिकणारी वेल नाही, ते हिवाळी हंगामाचे पीक आहे, एवढे लक्षात घेतले की तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी संपतात. गणपती आटोपले की रोपांची चौकशी, दसऱ्याच्या आगेमागे लागवड, नाताळच्या सुमारास पहिली फळे आणि होळीनंतर आवराआवर, असा तिचा इथला क्रम. एप्रिलमध्ये हौसेने रोप आणणाऱ्याच्या पदरी नुसती पानेच पडतात.

बाजारातली टपोरी स्ट्रॉबेरी रानात कधीच नव्हती. ती बागेत घडली. अमेदे फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली चिलीच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळांच्या जातीची काही रोपे मायदेशी नेली. ती सगळी मादी फुलांची निघाली, त्यामुळे फळच धरेना. पुढे ब्रिटनीमध्ये त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली लहान फळांची, पण सुवासिक जात लावली गेली, तिचे पराग या फुलांना मिळाले आणि दोहोंच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. हा संकर आहे हे आंत्वान निकोला द्युशेन या जेमतेम विशीतल्या अभ्यासकाने १७६६ मध्ये मांडले. या जातीचे दोन्ही पूर्वज गार हवेतले आहेत. उष्ण प्रदेशात तिच्यासाठी जे जे करावे लागते, त्याचे मूळ इथे आहे.

स्ट्रॉबेरीच्या अनेक जातींमध्ये फुलांच्या कळ्या दिवस लहान होऊ लागले की तयार होतात. युरोपात उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांच्या पुढे जातो, तो आखडू लागला की रोपाला फुलण्याची सूचना मिळते. महाराष्ट्रात ही अडचण नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या हिशेबाने तो बारा महिने लहानच. इथे फुलोरा अडतो तो तापमानामुळे. दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १० ते १५ अंश सेल्सिअस हे तिच्या सुखाचे तापमान. पारा तिशीच्या पुढे रेंगाळू लागला की नव्या कळ्या धरणे मंदावते आणि रोप आपली ताकद पाने व धुमारे काढण्यात घालवू लागते. गोडीचेही तसेच आहे. पानांनी दिवसभर तयार केलेली साखर उबदार रात्री रोपाच्या श्वसनात अधिक खर्च होते, फळही घाईने पिकते आणि लहान, आंबट राहते. थंड रात्रीत साखर शिल्लक राहते आणि फळाला भरायला वेळ मिळतो.

उष्ण कटिबंधात स्ट्रॉबेरीची शेती जिथे जिथे चालते, तिथे ती डोंगरावर चालते, हे त्यामुळेच. फिलिपिन्समधले बेंगेट, मलेशियातले कॅमेरून हायलँड्स, व्हिएतनाममधले दालात ही ठिकाणे हजार मीटरच्या वर आहेत. आपल्याकडे १,३०० ते १,४०० मीटर उंचीवरचा महाबळेश्वर-पाचगणीचा माथा. हे फळ तिथे ब्रिटिशांनी आणले. आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच तालुक्यातून येतो आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून नावारूपाला आलेले भिलार त्याआधीपासूनच स्ट्रॉबेरीचे गाव होते.

महाबळेश्वरचे रहस्य म्हणून लोक तिथल्या थंडीकडे बोट दाखवतात, पण ते अर्धेच खरे आहे. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते खरे, मात्र माथ्यावरची जानेवारीतली नेहमीची रात्र १३-१४ अंशांची असते. पुण्यात आणि नाशिकमध्ये त्याच महिन्यात किमान तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. रात्रीच्या बाबतीत देशावरची शहरे महाबळेश्वरला हार जात नाहीत. फरक पडतो तो दुपारी. महाबळेश्वरची दुपार २४ अंशांच्या आसपास राहते आणि पुण्याची तिशीला टेकते. मार्चमध्ये ही दरी निर्णायक ठरते. पुण्यात पारा पस्तिशी गाठतो तेव्हाही माथ्यावर तोडणी चालू असते, ती एप्रिलपर्यंत चालते.

घरी लावणाऱ्यासाठी या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या पट्ट्यात निसर्गाने थंड रात्र दिलेली आहे. दुपारचे ऊन तेवढे अडवायचे, आणि ते हिरव्या शेडनेटने किंवा कुंडी हलवून सहज अडवता येते. मुंबई, रत्नागिरी आणि गोव्यात उलट आहे. दुपारी सावली करता येईल, पण जानेवारीत १७ ते २० अंशांवर थांबणारी रात्र कुंडीपुरती थंड करणे घरगुती साधनांच्या आवाक्यातले नाही. कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा सल्ला बराच फिरतो. जपानमध्ये रोपांच्या बुंध्यालगत नळ्या टाकून त्यांतून गार पाणी खेळवण्याची पद्धत व्यवसायात वापरली जाते, तेव्हा कल्पना अगदीच निराधार नाही. पण तासाभरात विरघळणारा बर्फ रात्रभराचा गारवा देत नाही. किनारपट्टीवर स्ट्रॉबेरी लावूच नये असे नव्हे. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य एवढा आखूड हंगाम आणि थोडी आंबटसर, लहान फळे यांची तयारी ठेवून ती लावावी. बदलापूर-कर्जतकडे, समुद्रापासून आत, रात्री जरा बऱ्या मिळतात.

जात निवडताना या हवामानाचाच विचार करावा. महाबळेश्वर भागात स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला या जाती रुळलेल्या आहेत आणि घरासाठी लागणारी रोपेही बहुधा त्यांचीच मिळतात. फ्लोरिडा विद्यापीठाची स्वीट चार्ली लवकर फळावर येते आणि आंबटपणा कमी असल्याने गोड लागते, म्हणून आखूड हंगामाच्या शहरी कुंडीला ती सर्वांत सोयीची. कॅलिफोर्नियाची कॅमारोसा टणक, गर्द लाल आणि वाहतुकीला चांगली; घरच्या फळाला वाहतूकच करायची नसल्याने तो गुण इथे वाया जातो. अल्बियन, सॅन अँड्रियाससारख्या डे-न्यूट्रल जातींबद्दल एक गैरसमज आहे. दिवस लहान असो वा मोठा, त्या फुलतात, एवढेच त्या वर्णनाचे म्हणणे. उष्णता मात्र त्यांनाही सोसत नाही, त्यामुळे ‘वर्षभर फळ देणारी’ अशी पाटी लावून विकलेले रोप मे महिन्यात काही देत नाही.

बियांपासून सुरुवात करण्याचा मोह टाळलेला बरा. एक तर संकरित जातीच्या बीपासून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. शिवाय बी रुजायलाच दोन-चार आठवडे लागतात, केसासारखी नाजूक रोपे उन्हापाण्यात दगा देतात आणि ती फळाच्या वयात येईपर्यंत थंडी संपलेली असते. ऑनलाइन दुकानांत निळ्या-काळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटे दिसतात. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही, छायाचित्र रंगवलेले असते. बियांपासून लावण्याजोगा एकच प्रकार आहे, तो म्हणजे बोटाच्या पेराएवढी सुवासिक फळे देणारी अल्पाइन स्ट्रॉबेरी. ती बियांतून जशीच्या तशी येते, पण उष्णता तिलाही फारशी मानवत नाही.

खरी लागवड होते ती रनरपासून, म्हणजे आईरोपाने जमिनीवर सोडलेल्या लांब धुमाऱ्याच्या टोकाला फुटणाऱ्या पिल्लांपासून. महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांची पद्धत या बाबतीत बोलकी आहे. माथ्यावर पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यात स्ट्रॉबेरी तग धरत नाही. म्हणून परदेशातून आणलेली मातृरोपे वाईकडच्या कमी पावसाच्या भागातल्या रोपवाटिकांत वाढवली जातात, पावसाळाभर त्यांचे रनर पिशव्यांत धरले जातात आणि पाऊस ओसरला की ती पिल्ले डोंगरावरच्या शेतांत जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या रोपवाटिकांतून घरगुती गिऱ्हाइकालाही रोपे मिळतात. रोप घेताना पानांच्या संख्येवर जाऊ नये. मधला कोंब ताजा हिरवा, बुंधा पेन्सिलीएवढा जाड आणि पिशवी उलटल्यावर दिसणारी मुळे पांढरट हवीत. तपकिरी, बुळबुळीत मुळे असलेले रोप फुकट मिळाले तरी आणू नये, कारण त्याच्याबरोबर कुजीचा रोगही घरी येतो.

स्ट्रॉबेरीची मुळे उथळ असतात. त्यांतली बहुतेक वरच्या सहा इंचांतच पसरतात. म्हणून मोठी खोल कुंडी लागत नाही. आठ इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच खोलीच्या कुंडीत एक रोप, दीड फूट लांबीच्या आयताकृती कुंडीत दोन रोपे असा हिशेब ठेवावा. काळ्या प्लास्टिकची पिशवी दुपारी आतून भाजते. मातीची कुंडी झिरपत्या ओलाव्यामुळे गार राहते आणि पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत हा फायदा चांगलाच जाणवतो. मुंबईच्या दमट हवेत तो जवळपास शून्य होतो, तिथे पांढरी प्लास्टिकची कुंडी चालून जाते. भोके मात्र मोकळी हवीत. लटकत्या कुंड्यांतली स्ट्रॉबेरी दिसायला सुरेख असते, फळे मातीला टेकत नाहीत हेही खरे, पण वाऱ्यावर त्या लवकर सुकतात आणि पाण्याची एक वेळ चुकली तरी कळ्या गळतात.

मातीच्या बाबतीत महाबळेश्वरची जांभ्यापासून झालेली तांबडी, आम्लधर्मी, पाणी न धरणारी जमीन हा नमुना मानावा. सामू ५.५ ते ६.५ असला की स्ट्रॉबेरी खूश असते. देशावरची काळी माती याच्या नेमकी विरुद्ध: चिकट, पाणी धरून ठेवणारी आणि बहुधा चुनखडीची. ती कुंडीत भरली की महिन्याभरात नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसू लागतात. लोह मातीत असते, पण अल्कधर्मी मातीतून मुळांना ते उचलता येत नाही, त्याचे हे लक्षण. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समान प्रमाणात घेऊन केलेले मिश्रण पुरेसे होते. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा पाण्यातून काढून पिळून घ्यावे, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असते आणि फळपिकांत स्ट्रॉबेरीइतके मिठाला हळवे पीक क्वचितच सापडेल. चुलीची राख घालू नये. तिच्यात पालाश असते हे खरे, पण ती मातीचा सामू वर ढकलते. बोअरवेलच्या जड पाण्याचाही असाच त्रास होतो; नळाचे पाणी उपलब्ध असेल तर तेच द्यावे.

लागवडीत चूक होते ती एकाच जागी. मुळे आणि पाने यांच्यामध्ये एक जाडसर, आखूड बुंधा असतो. नवे पान, नवी कळी, नवा धुमारा, सगळे याच्या शेंड्यातून फुटते. हा बुंधा मातीत गाडला गेला की कोंब कुजतो आणि रोप आठवड्यात माना टाकते. तो फार वर राहिला, तर मुळांचा वरचा भाग उघडा पडून सुकतो. माती बुंध्याच्या अर्ध्यापर्यंत यावी आणि कोंब पूर्ण मोकळा राहावा. पहिले पाणी घातल्यावर माती खचते आणि हे गणित बिघडते, म्हणून पाणी मुरल्यानंतर पुन्हा एकदा पाहून माती सारखी करावी. लागवड संध्याकाळी करावी आणि पहिले चार-पाच दिवस कुंड्या सावलीत ठेवाव्यात. देशावर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, किनाऱ्यावर मात्र ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ही वेळ योग्य.

रोप रुजले की त्याला रोज किमान सहा तास ऊन हवे. नोव्हेंबर ते जानेवारीत पुण्यात दिवसभराचे ऊनसुद्धा चालते. फेब्रुवारीच्या मध्यापासून अकरा ते चार आडोसा करावा. पूर्वेकडची बाल्कनी सर्वांत सोयीची, तिथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपार आपोआप टळते.

पाणी सकाळी द्यावे, मातीला द्यावे, पानांवर शिंपडू नये. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली की पाण्याची वेळ झाली. डिसेंबरात दिवसाआड भागते, मार्चमध्ये रोज दोनदाही लागू शकते. मातीवर आच्छादन हवेच. शेतात त्यासाठी चंदेरी-काळा मल्चिंग पेपर गादीवाफ्यावर अंथरतात. घरी उसाचे पाचट, वाळके गवत, भाताचे तूस यांपैकी जे मिळेल ते चालते. त्याने ओल टिकते, माती तापत नाही, आणि फळ ओल्या मातीला न टेकल्याने कुजत नाही. तिसरा फायदा सर्वांत मोठा.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी सुरुवात करून दर पंधरा दिवसांनी गांडूळखताचे पाणी किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून, गाळून, भरपूर पातळ केलेले पाणी दिले की काम होते. विद्राव्य खत वापरायचे तर १९:१९:१९ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, त्याहून जास्त नाही. फुले आली की पालाश जास्त असलेले १३:०:४५ त्याच प्रमाणात. नत्र वाढले तर पाने तळहाताएवढी, गर्द हिरवी होतात आणि शेजारी कौतुक करतात, पण फुले कमी येतात आणि मावा जास्त. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर खताचे क्षार साचले असे समजून नुसते साधे पाणी खालून वाहून जाईपर्यंत द्यावे.

लागवडीनंतर महिन्याभरात पहिली फुले दिसतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली फुले खुडून टाकावीत, असे जाणकार सांगतात. रोप लहान असताना फळ पोसायला लागले की मुळे आणि पाने वाढत नाहीत. देशावर हा सल्ला पाळण्यासारखा आहे. मुंबईत हंगामच दोन महिन्यांचा, तिथे पहिले एक-दोन तुरे खुडून थांबावे. धुमारे मात्र दिसतील तसे कात्रीने कापावेत, नाहीतर फळांचा वाटा त्यांच्याकडे जातो.

फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे. मधोमध पिवळसर घुमटीवर शंभराहून अधिक सूक्ष्म स्त्रीकेसर दाटीने उभे असतात आणि भोवती पुंकेसरांचे कडे. ज्याला आपण फळ म्हणतो ती ही फुगलेली घुमटी, आणि तिच्यावरचे दाणे ही खरी फळे. प्रत्येकात एकेक बी. प्रत्येक दाण्यातून ऑक्सिन हे संप्रेरक बाहेर पडते आणि त्याच्या भोवतालचा गर फुगवते. १९५० साली नित्श या संशोधकाने वाढत्या फळावरचे दाणे टोकरून काढले, तर वाढ थांबली. तीनच दाणे ठेवले, तर गर त्या तीन जागी तेवढा फुगला. सगळे दाणे काढून ऑक्सिन लावले, तर फळ पुन्हा नेहमीसारखे वाढले. घरच्या स्ट्रॉबेरीचे वेडेवाकडे, एका बाजूने चेपलेले फळ याच कारणाने तयार होते. त्या बाजूच्या स्त्रीकेसरांपर्यंत परागकण पोचलेले नसतात. हाताशी असे फळ आले तर भिंगाखाली पाहावे: चेपलेल्या भागातले दाणे बारीक, पोकळ आणि एकमेकांना खेटून बसलेले, तर भरलेल्या भागात ते टपोरे आणि अंतरा-अंतरावर. फळात दोष नाही, परागीभवन अर्धवट झालेले आहे.

आजच्या जातींची फुले स्वतःच्याच परागांनी फळतात, वारा थोडे काम करतो, पण पूर्ण काम मधमाशीच करते. सातेरी आणि फुलोरी माशा या फुलांवर येतात. महाबळेश्वर परिसराला मधाची जुनी परंपरा आहे. तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांना त्या माशांचा उपयोग होतोच. दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत माशी क्वचित फिरकते. तिथे चित्रकलेचा मऊ ब्रश घ्यावा, सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान, फूल पूर्ण उमललेले आणि दव सुकलेले असताना, आधी बाहेरच्या कड्यावरून आणि मग मधल्या घुमटीवर सगळीकडून फिरवावा. दोन-तीन दिवस लागोपाठ हे केले की फळ नीट आकाराचे येते. तुऱ्यातले पहिले फूल सर्वांत मोठे असते, त्यात स्त्रीकेसर सर्वाधिक असतात आणि फळही सर्वांत मोठे. पुढची फळे क्रमाने लहान होत जातात. खत कमी पडले म्हणून ती लहान होतात असे नाही.

फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ पिकते, उन्हाळ्याच्या तोंडाला त्याहून लवकर. आधी हिरवे, मग पांढरे, मग टोकाकडून लाल होत जाते. आंबा किंवा केळे काढल्यानंतरही पिकते; स्ट्रॉबेरी काढल्यावर रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. बाजारासाठीचे फळ प्रवास सोसावा म्हणून पाऊण लालीवरच तोडावे लागते. घरच्या कुंडीचा खरा लाभ इथे आहे: देठाजवळचा पांढरा भाग पूर्ण लाल होईपर्यंत, आणि त्यानंतरही एखादा दिवस, थांबता येते. सकाळच्या गारव्यात, देठ नखाने तोडून, फळाला न दाबता काढावे. धुवायचे ते खाण्याच्या वेळी, हिरवी टोपी न काढता. फळात नव्वद टक्के पाणी आणि शंभर ग्रॅममागे सुमारे साठ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. उत्पादनाबद्दल मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. चार-सहा कुंड्यांतून एका वेळी वाटीभर फळे मिळाली तरी हंगाम चांगला म्हणावा. मुरंबा करण्याइतकी हवी असतील तर वाईच्या घाटातून पेटी आणणे स्वस्त पडते.

किडींत लाल कोळी सर्वांत चिवट. फेब्रुवारीनंतर हवा कोरडी आणि गरम झाली की तो पानांच्या खालच्या बाजूला येतो, पाने फिकट ठिपक्यांची, पुढे तांबूस होतात आणि बारीक जाळी दिसते. सुरुवातीला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दिला तरी तो आटोक्यात राहतो. ही एक वेळ पाने भिजवणे क्षम्य. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. पानांवर जांभळट कडांचे ठिपके पडले तर ती पाने काढून घराबाहेर टाकावीत. फळावर राखाडी बुरशी आली तर ते फळ शेजारच्या फळाला लागण्याआधी उचलावे. भुरी आली तर कुंड्यांतले अंतर वाढवावे, वारा खेळता ठेवावा. खाण्याच्या फळावर रासायनिक औषध मारण्याची वेळ चार कुंड्यांसाठी येऊ देऊ नये.

बुलबुल आणि खारी यांचा उपद्रव या सगळ्यांपेक्षा जास्त होतो. फळ लाल व्हायला आणि बुलबुल यायला एकच मुहूर्त लागतो. सगळ्या कुंड्यांवर जाळी टाकली तर माशाही बाहेर राहतात. त्यापेक्षा फळ पांढरे झाले की त्या तुऱ्यापुरती मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधावी.

मार्चच्या मध्यानंतर देशावरही फुले थांबतात आणि धुमारे जोरात सुटतात. इथे दोन मार्ग आहेत. रोपे सरळ काढून टाकावीत आणि सप्टेंबरात नवी आणावीत. महाबळेश्वरचे शेतकरीही दरवर्षी नवीनच रोपे लावतात. किंवा सर्वांत निरोगी दोन-तीन रोपांचे धुमारे राखून पुढच्या वर्षाची बेगमी करावी. दुसरा मार्ग चिकाटीचा आहे. धुमाऱ्याच्या टोकाचे पिल्लू आईपासून न तोडता शेजारच्या लहान पिशवीतल्या ओल्या मिश्रणावर टेकवून केसातल्या पिनेने अडकवावे. तीन-चार आठवड्यांत ते मुळे धरते, मग मधला धुमारा कापावा. आईजवळचे पहिले पिल्लू सहसा सर्वांत जोमदार असते. ही पिल्ले एप्रिल-मेमध्ये गडद सावलीत, माती कधीही पूर्ण सुकू न देता, आणि पावसाळ्यात छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवावीत. पावसात उघड्यावर राहिलेली रोपे बुंध्याच्या कुजीने किंवा करप्याने जातात, आणि जाताना शेजारच्यांनाही नेतात. खत या काळात बंद ठेवावे, गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. ऑगस्टअखेरीस जी टिकली असतील त्यांची जुनी पाने छाटावीत आणि दसऱ्याला नव्या मिश्रणात, नव्या कुंडीत लावावीत. एकाच रोपाचे वंशज दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त चालवू नयेत. विषाणू साठत जातात, पाने सुरकुततात आणि फळे बारीक होतात. मग रोपवाटिकेतून ताजी रोपे आणावीत.